भाडं ठरवण्याआधी दिवस मोजा: पहिला कंटेनर पाठवणाऱ्यासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे. यंत्रांचे सुटे भाग लाकडी पेट्यांतून समुद्रमार्गे परदेशातल्या ग्राहकाला पाठवायचे आहेत. पेट्या ९, एकूण वजन १८ टन, घनफळ साधारण २४ घनमीटर. तीन ठिकाणी दर विचारले आणि तिन्ही दरांत मोठा फरक निघाला. यातला खरा कोणता? कंटेनर केवढा घ्यायचा? थेट जहाज कंपनीकडे जायचं की फॉरवर्डरकडे, म्हणजे जहाजात जागा घेण्यापासून कागदांपर्यंत सगळं जुळवून देणाऱ्या मध्यस्थाकडे? आणि ज्यांनी आधी माल पाठवला आहे ते सगळे म्हणतात की शेवटचं बिल सांगितल्यापेक्षा जास्तच येतं, ते का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. बंदर ते बंदर भाडं हा या व्यवहारातला सगळ्यांत उघड आकडा. त्यावर घासाघीस होते, तुलना होते, म्हणून त्यात फसगत कमी. पैसा निसटतो तो दोन्ही टोकांना, जमिनीवर, आणि बहुतेक वेळा दिवसांच्या हिशेबाने निसटतो. कंटेनर यार्डात पडून राहिला, कागद उशिरा पोचले, रिकामा कंटेनर वेळेत परत गेला नाही. या कामात बावीस वर्षं काढल्यावर मी नव्या माणसाला पहिली गोष्ट हीच सांगतो: भाडं ठरवायच्या आधी दिवस मोजा.

पण त्याच्याही आधी माल मोजा. २४ घनमीटर हा आकडा एकटा काही सांगत नाही. वीस फुटी कंटेनरची क्षमता साधारण ३३ घनमीटर धरतात, म्हणजे कागदावर तुमचा माल सहज बसतो. प्रत्यक्षात तो बसेल का, हे पेटीच्या मापावर आहे. आतून हा कंटेनर सुमारे ५.९० मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो, पण दाराची उंची २.२८ मीटरच. समजा तुमची प्रत्येक पेटी २.२ मीटर लांब, १.१ रुंद आणि १.१ उंच आहे. रुंदीत दोन, उंचीत दोन अशा चार पेट्या आतल्या टोकाला लावा, चार दाराकडे. मध्ये दीड मीटर जागा उरते, तिथे नववी पेटी आडवी टाका. २.२ मीटर लांबी २.३५ च्या रुंदीत बसते आणि वजनही दोन्ही बाजूंना सारखं राहतं. नवव्या पेटीच्या डोक्यावर जी पोकळी राहते तिथे आडव्या लाकडाचा टेकू द्यायचा, नाहीतर जहाज हलायला लागलं की वरच्या पेट्या त्या खड्ड्याकडे सरकतात.

आता हीच पेटी सुताराने १.२ मीटर उंच केली असं धरा. दोन पेट्या एकावर एक म्हणजे २.४ मीटर. छत २.३९ वर. दुसरा थर गेला. मग जमिनीवर पाचच पेट्या बसतात आणि उरलेल्या चारांसाठी चाळीस फुटी कंटेनर घ्यावा लागतो. दहा सेंटीमीटर लाकडासाठी दुप्पट लांबीच्या कंटेनरचं भाडं. म्हणून पेट्या अजून ठोकल्या नसतील तर आजच सुताराशी बोला. प्रत्येक पेटी दोन टनांची आहे, तेव्हा खालची पेटी वरचं वजन पेलेल अशी बांधायला सांगा, आणि खाली फोर्कलिफ्टचे काटे जातील एवढी जागा धरूनच उंची १.१ च्या आत ठेवायला सांगा.

लाकडाबद्दल आणखी एक. आंतरराष्ट्रीय मालासाठी पेटीच्या लाकडावर आयएसपीएम १५ या कीड रोखण्याच्या नियमाप्रमाणे प्रक्रिया झालेली असावी लागते. उष्णतेची प्रक्रिया असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह असलेला शिक्का पेटीवरच असतो, नुसता कागद चालत नाही. आत टेकू म्हणून ठोकलेल्या फळ्यांनाही हाच नियम लागू आहे, आणि नेमका तिथेच लोक घसरतात. पेट्या शिक्क्याच्या, टेकू मात्र गोदामात पडलेल्या जुन्या लाकडाचे. तपासणीत सापडलं की अख्खा कंटेनर अडकतो.

तुमचा माल सुटा, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये पाठवण्याचा पर्याय माझ्या मते बाद आहे. सुट्या मालाचं भाडं घनमीटर किंवा टन, यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागतं. तुमचे २४ एकक धरले जातील. शिवाय दोन्ही टोकांना गोदामाची हाताळणी वेगळी. पंधरा घनमीटरच्या आसपास पोचलं की पूर्ण वीस फुटी बहुधा स्वस्त पडतो, आणि पेट्यांना अनोळखी हात लागत नाहीत.

आता तीन दरांतला फरक. माझा अंदाज असा की तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत. एकाने निव्वळ सागरी भाडं सांगितलं असेल, दुसऱ्याने त्यात इंधन अधिभार आणि निघण्याच्या बंदरातला टर्मिनल खर्च धरला असेल, तिसऱ्याने पोचण्याच्या बंदरातला खर्चही. तुलना करायची तर तिघांनाही एकच पत्र पाठवा आणि चार तुकड्यांत दर मागा: कारखान्यातून जहाजावर चढेपर्यंत, समुद्रावरचं भाडं सगळ्या अधिभारांसह, पोचण्याच्या बंदरात उतरल्यापासून माल सुटेपर्यंत, आणि कागदांचा खर्च. दर किती तारखेपर्यंत वैध, आणि तो बुकिंगच्या दिवशीचा धरणार की माल जहाजावर चढेल त्या दिवशीचा, हे लेखी घ्या. तेजीच्या काळात महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडं चढतं, आणि २९ तारखेचं जहाज ३ तारखेवर गेलं तर नवा दर लागतो.

फार कमी दर दिसला तर आधी पोचण्याच्या टोकाकडे बघा. काही जण समुद्रावरचं भाडं जवळजवळ फुकट दाखवतात आणि तिथला त्यांचा माणूस तुमच्या ग्राहकाकडून वसूल करतो. ग्राहक वैतागतो तुमच्यावर. सुट्या मालात हे जास्त चालतं, पण पूर्ण कंटेनरमध्येही मी पाहिलं आहे.

यातला कुठला खर्च तुमचा आणि कुठला ग्राहकाचा, हे विक्रीच्या अटीवर ठरतं. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय यादीत अशा अकरा अटी आहेत. सवयीने सगळे एफओबी (फ्री ऑन बोर्ड) लिहितात. कंटेनरच्या मालाला ती अट बेताची आहे, कारण तीत जोखीम माल जहाजावर चढल्यावर हस्तांतरित होते. तुम्ही कंटेनर टर्मिनलच्या फाटकात सोपवता, त्यानंतर तो चार-सहा दिवस यार्डात असतो, तुमचा त्यावर काडीचा ताबा नसतो आणि जोखीम मात्र तुमचीच. त्यासाठी एफसीए (फ्री कॅरियर) ही अट आहे: वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुमची जबाबदारी संपली. जहाजावर चढल्याची नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग, म्हणजे वाहतूकदाराने मालासाठी दिलेला मुख्य कागद, बँकेला हवं असेल तर २०२० च्या आवृत्तीत एफसीएमध्ये त्याचीही सोय केलेली आहे. सीएफआर आणि सीआयएफ या अटींतही जोखीम एफओबीसारखीच जहाजावर चढेपर्यंत तुमची, सीपीटी आणि सीआयपीत ती एफसीएसारखी आधीच संपते. म्हणून भाडं तुम्हीच भरणार असाल तर सीएफआर ऐवजी सीपीटी, आणि विमाही तुमच्याकडे असेल तर सीआयएफ ऐवजी सीआयपी.

जहाज कंपनी की फॉरवर्डर? वर्षाला एकदोन कंटेनर जाणार असतील तर फॉरवर्डर, हे माझं स्पष्ट मत. जहाज कंपनीच्या संकेतस्थळावर आज कोणीही बुकिंग करू शकतो, दरही दिसतो. पण बुकिंग पुढच्या जहाजावर ढकललं गेलं, कस्टम्सने प्रश्न काढला, रिकामा कंटेनर डेपोत मिळाला नाही, तेव्हा फोन उचलणारा माणूस लागतो. फॉरवर्डर निवडताना एक विचारा: पोचण्याच्या बंदरात त्याचा प्रतिनिधी कोण? तो तुम्हाला स्वतःचं, म्हणजे हाउस बिल ऑफ लेडिंग देईल आणि जहाज कंपनीचं मास्टर बिल त्याच्या प्रतिनिधीच्या नावावर असेल. त्या प्रतिनिधीने जहाज कंपनीचे पैसे थकवले तर तुमच्या ग्राहकाने सगळं चुकतं करूनही कंटेनर सुटत नाही.

बुकिंग झालं की तारखांचा खेळ सुरू होतो. जहाज सुटण्याची तारीख तुमच्या कामाची नाही. कामाच्या तारखा तीन: कागदाचा तपशील देण्याची शेवटची वेळ, प्रमाणित वजन देण्याची शेवटची वेळ, आणि कंटेनर फाटकातून आत जाण्याची शेवटची वेळ. एक जरी चुकली तरी कंटेनर किनाऱ्यावर राहतो. त्या तिघींपासून उलटं मोजत या. कस्टम्सला दोन दिवस, भरायला एक, रिकामा कंटेनर आणायला एक, आणि वर एक दिवस राखीव. फार आधी आणूनही उपयोग नाही, कारण रिकामा कंटेनर उचलल्यापासून मोफत दिवस, म्हणजे जादा आकार न लागता कंटेनर ठेवता येण्याचे दिवस, मोजायला सुरुवात होते.

प्रमाणित वजनाचा नियम १ जुलै २०१६ पासून जगभर लागू आहे. भरलेला कंटेनर काट्यावर घाला, किंवा पेट्या, टेकू, दोर या सगळ्यांचं वजन करून त्यात कंटेनरच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन मिळवा. तुमच्या बाबतीत १८,००० किलो माल, २०० किलो लाकूड-पट्टे आणि साधारण २,२५० किलो कंटेनर, म्हणजे २०,४५० किलो. हा नियम का आला, ते माहीत असावं. एमएससी नापोली हे जहाज जानेवारी २००७ मध्ये वादळात तडकलं आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मुद्दाम वाळूत चढवावं लागलं. डेकवरचे कोरडे राहिलेले ६६० कंटेनर नंतर तोलले, तर १३७ कंटेनरांचं वजन जाहीर केलेल्यापेक्षा तीन टनांहून जास्त फरकाचं निघालं. तुमचा खोटा आकडा जहाजावरच्या खलाशांच्या जिवावर बेततो. अंदाजाने वजन कधीही लिहू नका.

रिकामा कंटेनर दारात आला की भरायची घाई करू नका. आत जा, कोणाला तरी बाहेरून दोन्ही दारं बंद करायला सांगा आणि मिनिटभर उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की छताकडे बघा. सुईच्या टोकाएवढा उजेड जरी दिसला तरी तो कंटेनर परत. तिथून उजेड येतो तर पाणीही येणार. मग नाकाने तपासा. आधीच्या मालाचा रसायनाचा किंवा कातड्याचा वास असेल तर तो जात नाही. जमिनीच्या प्लायवर हात फिरवा, ओल आहे का, खिळे वर आलेत का. दाराचं रबर फाटलंय का. एकदा सही करून भरायला घेतला की तो तक्रारीविना स्वीकारला असं धरतात.

तुमचा माल लोखंडाचा, म्हणून ओलीचं जास्त सांगतो. कंटेनर उष्ण भागातून थंड भागात गेला की आतल्या हवेतली वाफ छताला धरते आणि थेंब थेंब खाली पडते. वरून पाऊस नाही, छिद्र नाही, तरी माल ओला. ही वाफ बहुतेक वेळा पेट्यांच्या लाकडातूनच आलेली असते. लाकूड सुकं घ्या, प्रत्येक भाग गंजरोधक प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि कंटेनरच्या भिंतींच्या खाचांत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगा. भरताना चार फोटो काढा: रिकामा, अर्धा, पूर्ण, आणि दार बंद केल्यावर सील व कंटेनर नंबर एकत्र दिसेल असा. सील आयएसओ १७७१२ दर्जाचा, बोल्टचा, आणि तो तुमच्या डोळ्यांसमोर लागला पाहिजे.

आता बिल ऑफ लेडिंग, कारण सगळ्यांत महाग चुका इथे होतात. हा कागद एकाच वेळी मालाची पावती, वाहतुकीच्या कराराचा पुरावा आणि मालावरच्या हक्काचा दस्तऐवज असतो. मूळ प्रती सहसा तीन निघतात आणि त्यांपैकी एक दाखवल्याशिवाय माल सुटत नाही. पैसे मिळेपर्यंत माल ग्राहकाच्या हाती जाऊ नये म्हणून ही व्यवस्था चांगली आहे. पण तीच उलटते कशी, ते माझ्याच एका कामात मी अनुभवलं. सहा दिवसांचा छोटा प्रवास होता. मूळ प्रती बँकेच्या मार्गाने गेल्या. एका बँकेत शनिवार-रविवार, दुसऱ्या बँकेत शंका, मग सुट्टी. जहाज लागल्यानंतर अकराव्या दिवशी कागद ग्राहकाच्या हातात पडले. मोफत दिवस पाच होते. उरलेल्या सहा दिवसांचा आकार समुद्रावरच्या भाड्यापेक्षा जास्त झाला आणि तो कोणी भरायचा यावरून जुना ग्राहक तुटला. तेव्हापासून मी भाडं विचारायच्या आधी प्रवासाचे दिवस आणि कागदाचे दिवस शेजारी-शेजारी लिहितो.

प्रवास छोटा आणि पैसे आधीच आले असतील तर मूळ प्रती काढूच नका. सी वेबिल घ्या, त्यात नाव असलेल्या माणसाला ओळख पटवून माल मिळतो. पैसे यायचे असतील तर मूळ प्रती काढून इथेच जहाज कंपनीला परत द्यायच्या आणि पैसे आल्यावर टेलेक्स रिलीज, म्हणजे मूळ प्रतीशिवाय माल सोडा असा संदेश, सोडायचा. लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी देणारं पतपत्र, असेल तर मात्र सहसा मूळ प्रतीच लागतात, आणि माल चढल्यापासून २१ दिवसांत, तसंच पतपत्राच्या मुदतीच्या आत कागद बँकेत द्यावे लागतात. पतपत्राने याहून कमी दिवस सांगितले असतील तर ते दिवस पाळायचे.

बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आला की तो मोठ्याने वाचा, एक जण वाचतोय आणि दुसरा तुमच्या कागदांशी ताडतोय असं. ग्राहकाचं नाव, पत्ता, पेट्यांची संख्या, वजन, कंटेनर नंबर, सील नंबर. कंटेनर नंबरात चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीतला तपासणीचा आकडा असतो. एक आकडा चुकला तर तो जुळत नाही, आणि जुळवायची सोय संगणकावर फुकट आहे. जहाज निघाल्यानंतरची दुरुस्ती पैशाने होते. जहाज पोचल्यानंतरची कस्टम्सच्या दंडाने.

विम्यावर कंजुषी करू नका. अनेक देशांत लागू असलेल्या हेग-व्हिस्बी नियमांत जहाज कंपनीची जबाबदारी प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किंवा किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जास्त असेल तेवढीच. यंत्राच्या भागांच्या किमतीपुढे हे फारसं काही नाही. म्हणून बिलावर ‘१ कंटेनर’ न लिहिता ‘९ पेट्या’ लिहा, नाहीतर नग एकच मोजला जाण्याचा वाद उभा राहतो. माल विम्याची प्रमाण कलमं ए, बी, सी अशी असतात, ए सगळ्यांत व्यापक. सीआयएफमध्ये किमान सी कलमांचा विमा पुरतो, पण त्यात चोरी, गंज, हाताळणीतली मोडतोड नसते. ए कलमांचा, मालाच्या किमतीच्या ११० टक्क्यांचा घ्या, आणि यंत्रांच्या मालावर गंज वगळणारी अट घातली आहे का ते पॉलिसीत वाचा.

विम्याचं आणखी एक कारण म्हणजे जनरल ॲव्हरेज. जहाज आणि माल वाचवायला मुद्दाम केलेला खर्च जहाजमालक आणि सगळे मालधनी वाटून घेतात, तुमच्या पेटीला ओरखडाही नसला तरी. २३ मार्च २०२१ ला एव्हर गिव्हन सुएझ कालव्यात आडवं अडकलं, सहा दिवसांनी सुटलं, आणि जहाजमालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं. विमा असलेल्यांच्या वतीने विमा कंपनीने हमी दिली. विमा नसलेल्यांनी आधी रोख ठेव भरायची, मग माल.

प्रवासाच्या दिवसांत थोडी ढील ठेवा. थेट जहाज आणि वाटेत बदल असलेलं जहाज यांत मी थेटला थोडं जास्त भाडं देतो, कारण मधल्या बंदरात पुढचं जहाज चुकलं की आठवडा जातो. वाटाही बदलतात. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बहुतेक मोठ्या कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा धरला. आशिया-युरोप प्रवास दहा दिवस ते दोन आठवड्यांनी लांबला.

पोचण्याच्या टोकाला टॅक्सीसारखे दोन मीटर चालू असतात आणि ते वेगळे आहेत. भरलेला कंटेनर टर्मिनलच्या आत मोफत दिवसांपलीकडे राहिला तर डेमरेज. बाहेर नेल्यावर रिकामा परत करायला उशीर झाला तर डिटेन्शन. काही बंदरं जागेचं भाडं तिसरं लावतात. दर पहिल्या काही दिवसांनंतर पायऱ्यांनी चढतो. मोफत दिवस मागायची वेळ बुकिंगच्या आधी असते. तेव्हा पाचाचे दहा, बाराही मिळतात. कंटेनर पोचल्यावर विनवण्या करून क्वचितच काही हाती लागतं. ग्राहकाला सांगून ठेवा की माल उतरवताना नुकसान दिसलं तर तिथेच लेखी नोंद करायची. वरून दिसत नसेल तर तीन दिवसांत कळवायचं, आणि दाव्याची मुदत एक वर्षाची असते.

तुम्ही उद्या तिघांनाही पाठवायचं पत्र मी असं लिहीन: “वीस फुटी कंटेनर एक, लाकडी पेट्या ९, प्रत्येकी २.२ × १.१ × १.१ मीटर, २,००० किलो, धोकादायक माल नाही, एचएस कोडचे (कस्टम्सच्या माल-वर्गीकरणाचे) पहिले सहा आकडे अमुक. माल तयार अमुक तारखेला. अट एफसीए किंवा सीपीटी, दोन्हींचा वेगळा दर द्या. दर चार तुकड्यांत, वैधतेच्या तारखेसह. थेट जहाज असेल तर तेच आधी. पोचण्याच्या बंदरात किती मोफत दिवस, डेमरेज आणि डिटेन्शन वेगवेगळे की एकत्र, आणि त्यानंतरचा दर काय. बिल ऑफ लेडिंग कोणाचं, आणि तिथला प्रतिनिधी कोण.” ज्याचं उत्तर ओळीला ओळ जोडून येईल, त्याचा दर मधला असला तरी काम त्याला द्या.